स्लो कुकरमधले पोर्क रोस्ट

डुकराच्या खांद्याचा दीड-दोन किलोचा अख्खा तुकडा, कांदा, लसूण, मीठमिरी आणि कपभर रस सकाळी भांड्यात घालायचे, झाकण लावायचे आणि संध्याकाळी काट्याच्या टोकाने रेषा सुटतील इतके मऊ मांस ताटात वाढायचे, ही अमेरिकेतल्या घराघरांत रुळलेली पोर्क रोस्टची रीत आहे. ती स्लो कुकर नावाच्या विजेच्या भांड्यावर उभी आहे. कृती दिसायला सोपी असली, तरी याच कृतीतून कधी लुसलुशीत रोस्ट हाती येते, तर कधी निव्वळ चोथा. मांसाचा कोणता भाग घेतला, तो किती तापमानाला किती वेळ राहिला आणि भांड्यात जाण्यापूर्वी त्याचे काय केले, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. मांसातल्या एका चिवट प्रथिनाला विरघळायला पुरेसा वेळ मिळाला की रोस्ट मऊ होते. हे कसे घडते ते समजले, की कृतीतली प्रत्येक पायरी आपोआप उलगडते.

भांड्याचा जन्म

स्लो कुकरची कल्पना अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाची. त्याच्या आईचे बालपण लिथुआनियातल्या व्हिल्ना शहरात गेले होते. तिथल्या ज्यू वस्तीत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवणे वर्ज्य असल्याने शुक्रवारी दुपारी घरोघरच्या बायका चोलेंटची भांडी बेकरीत नेऊन ठेवत. चोलेंट म्हणजे घेवड्याचे दाणे, बार्ली, बटाटे आणि मांस यांचे दाट कालवण. भट्टी विझवली तरी तिच्या भिंतींत मुरलेली ऊब रात्रभर टिके आणि त्या उबेवर कालवण शिजत राही. शनिवारी प्रार्थना आटोपली की भांडी घरी नेली जात. आईकडून ऐकलेल्या या आठवणीवरून नॅक्सनने विजेवर तापणारे, मंद आणि एकसारखी उष्णता देणारे भांडे तयार केले. त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले आणि पुढे हे भांडे ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने विकले जाऊ लागले.

नावाप्रमाणेच ते मुख्यतः कडधान्ये शिजवण्यासाठी होते. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा उद्योग विकत घेतला, भांड्याचे रूप पालटले आणि १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या दशकात अमेरिकेत वेगाने वाढत होती. सकाळी चालू करून कामावर जावे आणि संध्याकाळी परतल्यावर जेवण तयार असावे, ही सोय त्यांना हवीच होती. १९७५ मध्ये निघालेल्या मेबल हॉफमन यांच्या ‘क्रॉकरी कुकरी’ या पाकपुस्तकाने हे भांडे कडधान्यांपुरते मर्यादित न ठेवता मांस, सूप आणि गोड पदार्थांसाठीही कसे वापरावे, ते लाखो घरांना शिकवले. पोर्क वर्ज्य असलेल्या ज्यू स्वयंपाकघरातून निघालेले हे तंत्र पुढे पोर्क रोस्टसाठीच सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या तंत्रांपैकी एक ठरले.

कुकर चालतो कसा

स्लो कुकरचे तीन भाग असतात : बाहेरचे धातूचे आवरण, आतले जाड चिनी मातीचे भांडे आणि त्यावरचे काचेचे झाकण. तापणारी तार बहुतेक कुकरमध्ये भांड्याच्या कडेने, आवरणाच्या आत गुंडाळलेली असते. त्यामुळे बुडाशी करपण्याची भीती फारशी राहत नाही. जाड भांडे सावकाश तापते आणि तापल्यावर ऊब धरून ठेवते. तापलेल्या रसाची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि पुन्हा आत ओघळते. झाकण आणि भांड्याच्या कडेमध्येही पाण्याचा पातळ थर साचून फट बुजते. म्हणूनच आठ तास शिजूनही आतला रस जवळजवळ आटत नाही.

कुकरच्या बटणावर ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोन मुख्य खुणा असतात. ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त तापमान, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक कुकरमध्ये दोन्ही खुणांवर पदार्थ शेवटी पाण्याच्या उकळबिंदूच्या जरा खाली, सुमारे ९३ ते ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. फरक असतो तो तिथवर जायला लागणाऱ्या वेळात. ‘लो’वर तापमान हळूहळू चढते, ‘हाय’वर लवकर. तिसरी खूण ‘वॉर्म’ची. ती शिजलेला पदार्थ गरम ठेवण्यापुरतीच आहे, तिच्यावर कच्चे मांस शिजवायचे नसते.

मध्यम आकाराचा कुकर साधारण २०० वॅट वीज घेतो. ९ तास चालला तर १.८ युनिट वीज लागते. अमेरिकेत विकले जाणारे कुकर १२० व्होल्टवर चालतात आणि भारतातला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. अमेरिकेतून आणलेला कुकर योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय इथल्या प्लगला लावला तर तो जळतो. भारतात मिळणाऱ्या काही इलेक्ट्रिक मल्टिकुकरमध्येही ‘स्लो कुक’ची सोय असते. त्यांचे भांडे स्टीलचे असते आणि ते खालून तापते, त्यामुळे वेळेत थोडा फरक पडू शकतो.

मांस मऊ का होते

कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. हे पाणी स्नायूंच्या बारीक तंतूंमध्ये धरलेले असते. तंतूंचे जुडगे बांधून ठेवणारे, स्नायूला हाडाशी जोडणारे जे पांढरट पापुद्रे आणि पट्टे दिसतात, ते संयोजी ऊतक. त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. जनावर ज्या स्नायूंवर जास्त भार टाकते, त्यांत कोलॅजेनही जास्त असते. डुकराचा खांदा दिवसभर शरीराचा भार पेलतो, म्हणून तो चिवट असतो. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंना फारसे काम नसते, म्हणून ते मुळातच मऊ असतात.

मांस तापू लागले की आधी तंतूंमधली प्रथिने आक्रसतात. ५० अंशांच्या आसपास मायोसिन हे प्रथिन आपली घडी मोडते, ६५ ते ७० अंशांच्या पुढे अ‍ॅक्टिनही मोडते. मधल्या टप्प्यात कोलॅजेनचे वेष्टन आकुंचन पावते आणि तंतूंतले पाणी पिळून बाहेर काढते. म्हणूनच ६५ ते ८० अंशांच्या पट्ट्यात खांद्याचे मांस सर्वांत वातड लागते : पाणी निघून गेलेले आणि कोलॅजेन अजून तसेच. पुढे ७० अंशांच्या वर कोलॅजेन हळूहळू विरघळू लागते आणि त्याचे जिलेटिन होते. ८० ते ९५ अंशांमध्ये हा वेग बराच वाढतो. कोलॅजेन विरघळल्यावर तंतूंना बांधून ठेवणारे काही उरत नाही, ते सहज सुटे होतात. जिलेटिन त्यांच्या अंगाला लागून राहते, वितळलेली चरबी त्यात मिसळते आणि पाणी गमावलेले मांसही तोंडात रसाळ लागते. मटणाच्या पायांचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो तो याच जिलेटिनमुळे.

या प्रक्रियेतून दोन गोष्टी निघतात. पहिली, खांद्याचे रोस्ट पाच-सहा तासांनंतर चिवट लागले तर ते जास्त शिजलेले नसते, कमी शिजलेले असते. अशा वेळी कुकर बंद करण्याऐवजी आणखी एक-दोन तास चालू ठेवायचा असतो. दुसरी, भांड्यात जास्त पाणी घातल्याने मांस रसाळ होत नाही. आक्रसलेल्या तंतूंतून बाहेर पडलेले पाणी भोवताली कितीही रस असला तरी परत आत शिरत नाही. रसाळपणा जिलेटिन आणि चरबी यांच्यातून येतो, आणि त्यासाठी कोलॅजेन आणि चरबी मांसात मुळात असावी लागतात.

मराठी घरांतला प्रेशर कुकर हेच रूपांतर झटपट घडवतो. बंद भांड्यातल्या दाबामुळे पाण्याचा उकळबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो आणि कोलॅजेन तासाभराच्या आत विरघळते. पण तिथे वेळेचा अंदाज थोडा चुकला तरी मांसाचा लगदा होतो. स्लो कुकरमध्ये अर्धा-पाऊण तास पुढेमागे झाला तरी बिघडत नाही आणि अख्खा तुकडा आकार न मोडता शिजतो.

कोणता भाग घ्यावा

स्लो कुकरसाठी खांदाच सर्वोत्तम. अमेरिकी खाटीक खांद्याचे दोन भाग करतात. मानेकडचा वरचा भाग ‘बॉस्टन बट’ नावाने विकला जातो. त्यात चरबीच्या बारीक रेषा मांसभर पसरलेल्या असतात, हाड एकच आणि चपटे असते. खालचा, पुढच्या पायाकडचा भाग म्हणजे ‘पिकनिक’. त्यात कातडे, हाड आणि संयोजी ऊतक जास्त असते. तोही चांगला शिजतो, पण हाती येणारे मांस कमी असते. दोन्ही भाग पाठीच्या मांसापेक्षा स्वस्त मिळतात. भारतात पोर्कच्या दुकानात खांद्याचा अख्खा, चरबीसकट तुकडा मागावा. हाडासह घेतल्यास हाडाभोवतीचे कोलॅजेन रस्सा दाट करते आणि मांस शिजल्याची खूणही हाडच देते.

पाठीचा भाग म्हणजे लॉइन. तो दिसायला सुबक, चरबी कमी, कापायला सोपा, म्हणून रोस्टसाठी अनेकजण तोच उचलतात आणि आठ तासांनी निराश होतात. लॉइनमध्ये विरघळायला फारसे कोलॅजेन नसते आणि ओलावा द्यायला पुरेशी चरबीही नसते. यामागे अमेरिकी पशुपालनाचा इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वनस्पती तेले स्वस्त झाली, डुकराच्या चरबीची मागणी घटली आणि पैदासकारांनी दर पिढीगणिक सडपातळ डुकरे निवडली. १९८७ मध्ये तिथल्या पोर्क उद्योगाने पोर्कला कोंबडीसारखे ‘दुसरे पांढरे मांस’ म्हणून पुढे आणणारी मोठी जाहिरातमोहीम चालवली. आजचे लॉइन आजीच्या काळातल्या लॉइनपेक्षा कितीतरी कोरडे आहे. ते स्लो कुकरमध्ये करायचेच असेल तर ‘लो’वर ठेवून, थर्मामीटर खुपसून, आतले तापमान ६३ ते ६५ अंश झाले की लगेच बाहेर काढावे. त्याला अनेकदा तीन-चार तासही पुरतात. दिवसभराच्या शिजवणीसाठी ते योग्य नाही.

मागच्या मांडीचे मांसही बरेच कोरडे असते. पोटाकडचा भाग उलट इतका चरबीयुक्त असतो की एकट्याचे रोस्ट जड होते. म्हणून फिरून खांद्याकडेच यावे लागते.

पूर्वतयारी

सहा जणांसाठी २ किलो खांदा पुरतो. शिजताना पाणी आणि चरबी निघून गेल्यावर हाडाशिवायच्या तुकड्याचे वजन साधारण एक तृतीयांशाने घटते, हे लक्षात घेऊन मांस आणावे. कातडे असेल तर ते काढावे, कारण स्लो कुकरच्या ओल्या उबेत ते कुरकुरीत होत नाही, नुसते रबरासारखे राहते. काढलेले कातडे ओव्हनमध्ये वेगळे भाजता येते. बाहेरची जाड चरबी पाव इंच ठेवून बाकीची छाटावी. आतली चरबी मात्र तशीच राहू द्यावी.

मीठ आदल्या रात्री लावणे उत्तम. एका किलोमागे १० ग्रॅम, म्हणजे २ किलोला २० ग्रॅम मीठ सर्व बाजूंनी चोळून तुकडा फ्रिजमध्ये ठेवावा. मीठ रात्रभरात आत झिरपते आणि तंतूंची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढवते. मसाल्यांचे तसे नसते. मिरी, लसूण किंवा व्हिनेगर कितीही वेळ चोळून ठेवले तरी त्यांची चव वरच्या काही मिलिमीटरांच्या पुढे फारशी जात नाही. ती शिजताना रसात उतरते आणि शेवटी सुट्या झालेल्या रेषांना लागते.

मांस कुकरमध्ये घालण्यापूर्वी तव्यावर परतून घेण्याची पायरी टाळू नये. मांसावरचा खमंग तांबूस रंग आणि भाजल्याचा वास प्रथिने आणि शर्करा यांच्यातल्या ज्या अभिक्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये केले. ही अभिक्रिया वेगाने व्हायला कोरडा पृष्ठभाग आणि सुमारे १४० अंशांचे तापमान लागते. स्लो कुकरमध्ये यातले काहीच नसते. म्हणून तुकडा कापडाने टिपून कोरडा करावा, जाड बुडाच्या तव्यात तेल चांगले तापवून प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटे न हलवता खरपूस होऊ द्यावी. मग त्याच तव्यात कांदा आणि लसूण परतावे, अर्धा कप पाणी घालून बुडाला लागलेली खरवड उलथन्याने सोडवून घ्यावी आणि ते सारे कुकरमध्ये ओतावे. परतल्याने ‘रस आत बंद होतो’ हा समज मात्र खरा नाही. फायदा चवीचा आणि रंगाचा आहे.

प्रत्यक्ष शिजवणे

कुकरच्या तळाशी ५०० ग्रॅम बटाटे आणि ३०० ग्रॅम गाजरे मोठे तुकडे करून पसरावीत. कंदमुळांच्या पेशी बांधून ठेवणारे पेक्टिन सैल व्हायला मांसापेक्षा जास्त तापमान लागते, म्हणून भाज्या तळाशी आणि कडेला, उष्णतेच्या जवळ असाव्यात. रसात आंबट पदार्थ जास्त असतील तर भाज्या आणखी उशिरा शिजतात. त्यांवर परतलेले कांदा-लसूण, मग चरबीची बाजू वर करून मांस ठेवावे. दोन तमालपत्रे, चमचाभर मिरपूड, थाइम किंवा रोझमेरीची एखादी काडी आणि अर्धा ते एक कप सफरचंदाचा रस किंवा यखनी घालावी. एवढा रस पुरतो. दोन किलो मांसाला अंगचे पाणीच दोन-अडीच कप सुटते आणि ते आटत नाही. नेहमीच्या पातेल्यातल्या कृतीइतके पाणी घातले तर शेवटी बेचव, पातळ पाणी उरते.

भांडे निम्म्याहून जास्त आणि दोन तृतीयांशाच्या आसपास भरलेले असावे. फार रिकामे असेल तर पदार्थ लवकर तापून कोरडा पडतो आणि काठोकाठ भरले तर नीट तापत नाही. २ किलोचा तुकडा ‘लो’वर ८ ते १० तास किंवा ‘हाय’वर ५ ते ६ तास घेतो. ‘लो’वर मांस तंतू सुटण्याच्या तापमानात जास्त वेळ राहते आणि सगळीकडे सारखे शिजते, म्हणून वेळ असेल तर तीच खूण निवडावी. अडीच किलोपेक्षा मोठा तुकडा असेल तर त्याचे दोन भाग करावेत.

शिजताना झाकण उघडू नये. एकदा झाकण उघडले की साठलेली वाफ निघून जाते आणि तापमान पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. हलवण्याची गरज नाही, कारण बुडाशी लागत नाही. दूध, साय किंवा दही इतका वेळ शिजले तर फाटते. ते घालायचे असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात घालावे. कोथिंबिरीसारखा हिरवा पालाही शेवटीच.

मांस झाले की नाही हे घड्याळापेक्षा मांसच सांगते. काटा खुपसून फिरवला की सहज फिरावा आणि रेषा सुट्या व्हाव्यात. हाड असेल तर ते ओढताच कोरडे बाहेर यावे. थर्मामीटर असेल तर सुरीने काप करायचे असल्यास ८५ अंशांच्या आसपास थांबावे, रेषा मोकळ्या करायच्या असल्यास ९२ ते ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यावे. दोन्ही वेळा तापमानासोबत काट्याची खूणही जुळली पाहिजे, कारण कोलॅजेन विरघळायला तापमानाइतकाच वेळही लागतो. बारा-चौदा तास तसेच ठेवले तर मात्र तंतूच मोडतात आणि मांस पिठूळ लागते.

रस्सा आणि वाढणी

मांस अलगद काढून ताटलीत झाकून १५ ते २० मिनिटे ठेवावे. गरमागरम असतानाच फाडले तर त्यातला रस वाफेने उडून जातो. तेवढ्या वेळात रस्सा गाळून उभट भांड्यात ओतावा. काही मिनिटांत चरबी वर तरंगते, ती पळीने काढून घ्यावी. उरलेला रस्सा पातेल्यात मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवला की त्यातले जिलेटिन आणि चव दोन्ही दाट होतात. मीठ या टप्प्यावर चाखून घालावे, आटवण्यापूर्वी नाही. घाई असेल तर कपभर रश्शाला चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून लावावे.

मांसाचे काप करायचे असतील तर ते रेषांच्या आडवे करावेत. रेषा मोकळ्या करायच्या असतील तर दोन काट्यांनी ओढाव्यात, मोठे चरबीचे गोळे वगळावेत आणि आटवलेला रस्सा थोडा थोडा घालत मांस कालवावे. हीच कालवणी रोस्टला रसाळ करते. वरून कुरकुरीत कडा हव्या असतील तर सुटे केलेले मांस ताटात पसरून ओव्हनच्या ग्रिलखाली पाच-सात मिनिटे ठेवावे.

चवींचे प्रदेश

खांद्याचे मांस तासन्‌तास मंद उष्णतेवर ठेवण्याची कल्पना विजेच्या भांड्याच्या कितीतरी आधीची आहे. हवाई बेटांवर जमिनीत खणलेल्या ‘इमू’ या भट्टीत तापलेल्या दगडांवर, पानांत गुंडाळून अख्खे डुक्कर शिजवतात, तो ‘कालुआ’. मेक्सिकोच्या युकातान भागात आंबट संत्र्याचा रस आणि आचिओतेच्या लाल बियांचे वाटण लावून, केळीच्या पानात गुंडाळून ‘कोचिनिता पिबिल’ करतात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या पोर्कच्या रेषा काढून त्यांवर व्हिनेगर आणि मिरचीचा पातळ सॉस घालतात. या तिन्ही चवींची घरगुती रूपे आज स्लो कुकरमध्ये होतात. धुराचा वास त्यात येत नाही, पण मऊपणा तोच असतो.

गोव्यातही हा धागा जुना आहे. पोर्तुगीज काळात रुजलेल्या असाद या पदार्थात मांसाचा मोठा तुकडा दालचिनी, लवंग, मिरी, सुकी मिरची, आले-लसूण आणि व्हिनेगर यांच्यासह जाड पातेल्यात, थोड्याशा पाण्यावर, झाकण ठेवून मंद शिजवतात. विंदालूमध्येही ताडीच्या व्हिनेगरमध्ये वाटलेला मिरची-लसणाचा मसाला पोर्कला लावून मुरवतात. मुंबई आणि वसईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतले इंदियाल त्याच घराण्यातले. या तिन्हींना खांद्याचे चरबीदार मांसच लागते आणि तिन्ही स्लो कुकरमध्ये उत्तम होतात. व्हिनेगरच्या आंबटपणाने कोलॅजेन फुगते आणि लवकर सैल पडते, हा त्याचा आणखी एक फायदा.

भारतीय मसाल्याचे रोस्ट करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कुकरमध्ये पाणी आटत नाही आणि तापमान शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे कच्चे वाटण तसेच घातले तर आठ तासांनंतरही ते कच्चेच लागते. कांदा आणि वाटण तेल सुटेपर्यंत आधी तव्यावर परतून मगच कुकरमध्ये घालावे. दुसरे म्हणजे पाणी. मसाला, कांदा आणि मांस या सगळ्यांचेच पाणी सुटते, म्हणून पातेल्यात लागते त्याच्या निम्मेही पाणी पुरे. विंदालू आणि इंदियाल दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात, म्हणून ते आदल्या दिवशी करून ठेवणे सोयीचे.

सुरक्षितता आणि साठवण

मांसात जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात. स्लो कुकर हळू तापतो, म्हणून हा पट्टा शक्य तितक्या लवकर ओलांडला जावा अशी काळजी घ्यावी लागते. फ्रीजरमधले गोठलेले मांस कधीही तसेच घालू नये, ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटू द्यावे. २ किलोच्या तुकड्याला त्यासाठी साधारण एक दिवस लागतो. टायमर लावून कच्चे मांस कुकरमध्ये तासन्‌तास तसेच ठेवू नये. मधेच वीज गेली आणि घरात कोणी असेल तर उरलेले शिजवणे लगेच गॅसवर उरकावे. घरात कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर दिसायला पदार्थ चांगला असला तरी तो टाकून द्यावा.

पोर्कबद्दल जुनी भीती आहे ती ट्रिकिनेला या सूक्ष्म कृमीची. अमेरिकेत बंदिस्त पशुपालनामुळे तो दुर्मीळ झाला आणि २०११ मध्ये तिथल्या कृषी खात्याने अख्ख्या तुकड्यांसाठी सुरक्षित तापमानाची शिफारस ७१ अंशांवरून ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा अशी खाली आणली. खिम्यासाठी ती ७१ अंशच आहे. मोकाट फिरणाऱ्या डुकरांच्या मांसात पट्टकृमीच्या गाठीही असू शकतात, म्हणून भारतात मांस स्वच्छ, तपासणी होणाऱ्या ठिकाणाहूनच घ्यावे. खांद्याचे रोस्ट तासन्‌तास ९० अंशांच्या वर राहते आणि त्या उष्णतेत हे सर्व कृमी नष्ट होतात.

रोस्टसोबत राजमा घालायचा असेल तर एक सावधगिरी आवश्यक आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असते आणि कमी तापमानाच्या कुकरमध्ये ते पुरते नष्ट होत नाही. भिजवलेला राजमा वेगळ्या पातेल्यात, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच कुकरमध्ये घालावा.

उरलेले रोस्ट दोन तासांच्या आत उथळ डब्यांत, थोड्या रश्शासह फ्रिजमध्ये ठेवावे. ते तीन-चार दिवस चांगले राहते, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. रस्सा रात्रभरात थिजतो आणि वर साचलेली पांढरी चरबी चमच्याने सहज निघते. ती बटाटे परतायला वापरता येते. पुन्हा गरम करताना स्लो कुकर वापरू नये, कारण तो थंड पदार्थ तापवायला फार वेळ घेतो. पातेल्यात रश्शासह, मध्यम आचेवर, सगळीकडून वाफ येईपर्यंत म्हणजे ७४ अंशांपर्यंत गरम करावे. कुकरचे चिनी मातीचे भांडे मात्र धुण्यापूर्वी पूर्ण निवू द्यावे. गरम असताना गार पाणी लागले तर ते तडकते.